महापुराचे फोटो, गाळाची रेघ आणि आजचं मांडणशिल्प

कुंभारवाट (धागाकर्ता)

फोटो बघितला की काम बघितलं, अशी समजूत आता पक्की झाली आहे. चित्राचं त्यात एकवेळ निभावतं. शिल्पाचं निभावत नाही आणि मांडणशिल्पाचं, म्हणजे अख्खी जागाच रचून केलेल्या, आत फिरून बघायच्या कामाचं, तर अजिबातच नाही. कलापूर म्हणवणाऱ्या आपल्या कोल्हापुरात राहून आपण यावर बोलत नाही याची मला खंत आहे, म्हणून हा धागा.

निमित्त सांगतो. शहरातल्या एका प्रदर्शनात एका विद्यार्थिनीने २०१९च्या महापुरात बुडालेल्या घरांची जुनी दारं मिळवून छताला साखळीने टांगली होती. दारं धुतलेली, रंगवलेली नव्हती. प्रत्येकावर गाळाची रेघ तशीच. त्या सगळ्या रेघा तिने एका पातळीत आणल्या होत्या. सखल भागातल्या घराचं दार जवळजवळ फरशीला टेकलेलं, कारण त्याची रेघ पार वर चौकटीपाशी. ज्या घराचं जोतं उंच, त्याचं दार गुडघ्याएवढं वर लोंबकळतं, कारण त्याची रेघ कडीच्या आसपास. दारं खाली-वर, पाणी मात्र सपाट. त्यांच्यामधून चालायला लागलं की ती रेघ डोक्याच्या वर राहते. हात ताणला तर बोटं जेमतेम टेकतात. मी उंचापुरा माणूस आहे, तरी.

लोक खोलीच्या उंबऱ्याशी यायचे, फोटो काढायचे, पुढच्या दालनात जायचे. उंबऱ्यावरून काढलेल्या फोटोत ती दारं छान दिसतात. लाकडाचे रंग, लोंबत्या साखळ्या, समोरून पडणारा उजेड. पाणी मात्र त्या फोटोत नाही. ते फक्त आत चालणाऱ्याला लागतं.

आता विचार करा, महापुराचे फोटो आपल्यापैकी कुणाकडे नाहीत? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचा पाणीपातळीचा आकडा तासातासाला फोनवर यायचा. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५च्याही वर गेलं. सोबत ड्रोनचे व्हिडिओ, पाण्याखाली गेलेला महामार्ग, नुसते पत्रे दिसणारी वस्ती. इतकं बघितलं की बघणं बोथट झालं. वरून काढलेल्या फोटोत पाणी म्हणजे तपकिरी चादर असते, त्याची खोली कळत नाही. त्या मुलीने नवीन प्रतिमा काही दिली नाही. तिने पाण्याची उंची परत आणली.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रतिमा दुर्मीळ होती तेव्हा प्रतिमा घडवणं हेच शिल्पकाराचं मोठं काम होतं. १९५० साली बिंदू चौकात डॉ. बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीत उभा राहिला, तेव्हा खेड्यातून येणाऱ्या किती जणांनी त्यांचा चेहरा आधी नीट पाहिला असेल? त्या पुतळ्याने चेहरा दिला. आज चेहरे खिशात आहेत. म्हणून आजच्या शिल्पकाराने तेच द्यावं जे खिशात मावत नाही: उंची, वजन, अंतर आणि थांबायला लागणारा वेळ. ज्या कामाचा फोटो पुरेसा वाटतो ते काम मला अपुरं वाटतं.

तुमचं मत सांगा. आणि असं कुठलं काम, जुनं-नवं कसलंही, जे समोर गेल्यावरच कळलं, तेही लिहा.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

दादा, मी पण गेलेलो. पण एक गोष्ट सांगतो. प्रदर्शन लागलंय हे मला मित्राच्या स्टेटसवरूनच कळलं. फोटो नसता तर मी गेलोच नसतो. माझ्यानंतर आमच्या ग्रुपमधले बरेच जण गेले, ते पण फोटो बघूनच. फोटोला एवढं तोडून बोलू नका.

आणि आमच्या घरात पाणी शिरलेलं. आईला घेऊन गेलो होतो. ती आत गेली आणि एका दाराला हात लावून म्हणाली, ‘हे देवघराच्या खोलीचं असणार, कडी बघ.’ त्या दारांना हात लावायची परवानगी होती हे मला फार आवडलं.

---

वेणूताई

कुंभारवाट, चांगला विषय काढलात. मी शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे थोडं लांबेल.

प्रतिमांचा पूर आला म्हणून शिल्पकार प्रतिमेपासून दूर गेले असं नाही. काहींनी प्रतिमाच हातात घेतली आणि तिला वजन दिलं. विवान सुंदरम या कलाकाराचं १९९३चं ‘मेमोरियल’ हे मांडणशिल्प आठवा. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर पडलेल्या एका अनोळखी माणसाचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. होशी जाल यांनी काढलेला. असा फोटो आपण सकाळी चहाबरोबर बघतो आणि संध्याकाळी तो कागद रद्दीत जातो. सुंदरम यांनी तोच फोटो पुन्हा पुन्हा घेतला, त्यावर खिळे ठोकले, तो काचेच्या पेटीत ठेवला. त्या माणसाला कुणी खांदा दिला नव्हता, तर त्या फोटोलाच थडगं बांधलं म्हणा. बघणाऱ्याला त्या पेट्यांच्या मधून जावं लागतं, पान उलटता येत नाही.

केरळचे शिल्पकार एन. एन. रिमझोन यांचं १९९८चं ‘स्पीकिंग स्टोन्स’ही असंच. मधे एक माणूस उकिडवा, तोंड हातांनी झाकून बसलेला. भोवती वर्तुळात दगड, आणि दगडांखाली दंगलींचे, हत्याकांडांचे फोटो दाबून ठेवलेले. फोटो बघायचा तर तुम्हाला वाकावं लागतं. वाकलात की तुम्हीही त्या बसलेल्या माणसाच्या उंचीवर येता. माझ्या मते सगळं काम त्या वाकण्यात आहे.

आणि फोटोंच्या संख्येबद्दलच बोलायचं तर एरिक केसल्स या डच कलाकाराने २०११ साली अॅम्स्टरडॅममध्ये एका दिवसात फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर चढलेले फोटो छापून खोल्यांमध्ये ढीग घातले. भिंतीपर्यंत चढलेले ढिगारे, लोक त्यावरून चालायचे. कुणाचं बाळ, कुणाचं लग्न, कुणाची मांजर, सगळं पायाखाली. २०११ला ही स्थिती होती, आता तर विचारायलाच नको. पण खरं सांगते, हे काम मला ऐकूनच कळतं. कल्पना जोरकस आहे, ढिगात शिरून मला आणखी काय मिळेल हे दिसत नाही. दारांचं तसं नाही. दारांबद्दल कितीही ऐकलं तरी रेघेखाली उभं राहणं उरतंच.

---

रोखठोक

ताई, दादा, सगळं मान्य. पण हे कळणार कुणाला? बाजारपेठेतल्या माणसाला विचारा मांडणशिल्प काय असतं. त्यापेक्षा कणेरी मठावर जा. सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय बघा. सिमेंटमधली माणसं, बैल, मोट, कुंभार, लोहार, न्हावी, वैद्य. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं. माणसं शेजारी उभी राहून फोटो काढतात, काढू देत की. कलाकृती लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे.

---

कुंभारवाट

रोखठोक, कणेरीला मी पाहुण्यांना आवर्जून नेतो. तिथली एक गोष्ट बघा. पोरं फोटो काढून पळतात, पण म्हातारी माणसं थांबतात. मोटेच्या देखाव्यापाशी कुणीतरी आजोबा नातवाला सांगत असतात की नाडा कुठून जातो, बैल मागं कसे सरतात, पाणी थारोळ्यात कसं पडतं. ज्यांच्या हातांना ते काम माहीत आहे त्यांच्यासाठी तो देखावा उलगडतो. म्हणजे तिथेही फोटोपलीकडचं काही घडतं, आणि ते घडतं कारण आकार माणसाएवढा आहे आणि भोवती फिरता येतं. हेच जर मला दारांत दिसलं तर ते कळायला अवघड का म्हणता? पाचव्या गल्लीतल्या भावाच्या आईला कडी ओळखू आली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

उपयोगाचं म्हणाल तर महापुरानंतर कुठल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे लोक दोन पावसाळ्यांत विसरतात आणि त्याच पातळीवर नवीन बांधकाम उभं राहतं. ती रेघ डोक्यावर ठेवणारं काम मला फार उपयोगाचं वाटतं.

---

ओतकाम

राम राम मंडळी. मी उद्यमनगरात फौंड्रीत हाय, पयल्यांदा बफिंगला, म्हंजी धातू घासून चमकवायच्या कामाला हुतो. कलेतलं मला लई कळत न्हाई पर धातूतलं कळतंय.

ते शिकागोचं अनिश कपूरचं ‘क्लाउड गेट’ शिल्प हाय न्हवं, समदी दुनिया त्यात आपलं तोंड बघून फोटो काढत्या. त्यात १६८ पत्रे हायत, स्टेनलेसचे. २००४ला लोकांस्नी दाखवलं तवा जोड दिसत हुते. मग परत झाकून घासत बसले आणि २००६ला पुरं झालं. आता स्टेनलेसचा जोड घासून आरसा कराय काय लागतंय ते ऐका. वेल्डिंगला पत्रा तापला की वढतो. एका बाजूनं वढला की दुसरीकडं फुगतो. मग ग्राइंडर, मग बारीक, त्याहून बारीक पट्टा, मग बफ. हात एका जागी जरा जास्ती रेंगाळला की तिथं खड्डा. डोळ्याला खड्डा दिसत न्हाई, पर आरशात समोरची बिल्डिंग वाकडी दिसाय लागती. मग आजूबाजूचं समदं परत खाली घ्याय लागतं. एवढं जोडाचं काम हाय आणि जोड कुठंच न्हाई. मी त्याच्या व्हिडिओत आभाळ बघत न्हाई, जोड हुडकत असतो.

तवा दादा, फोटोत काईच कळत न्हाई हे मला पटत न्हाई. ज्याच्या हातानं काम क्येलंय त्याला फोटोतनंबी वजन कळतंय. पर माझी पोरगी तोच व्हिडिओ बघून म्हणती ‘पप्पा, प्लास्टिकचं हाय का?’ तिला एकदा भट्टीवर न्यायला पायजे.

---

कुंभारवाट

ओतकामदादा, तुमचा मुद्दा मोठा आहे आणि माझ्या मुद्द्याला पुढे नेणारा आहे. हाताला वजन माहीत असलं तर डोळा फोटोतही ते शोधतो. पण हाताला वजन माहीत होण्याची संधीच कमी होत चालली आहे. तुमच्या मुलीला भट्टीवर न्याच.

टाउन हॉल म्युझियममधला पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, कुणी बघितलाय? १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ती कांस्यमूर्ती, रोमन व्यापाराच्या काळातली. पुस्तकातल्या, नेटवरच्या फोटोत तो भला मोठा ग्रीक देव वाटतो. पुरुषभर उंच असेल असं समजूनच बरेच जण येतात. समोर जाऊन बघा, वीतभरसुद्धा नाही. आणि लहान आहे म्हणूनच तो समुद्र ओलांडून कोल्हापुरात आला, हे त्याच्यासमोर उभं राहिल्यावर एका क्षणात कळतं. फोटोने त्याला मोठा केला आणि त्याचा प्रवास खाऊन टाकला.

---

गंगावेस_मूर्ती

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या गणपती घडतात. तुमचं सगळं वाचून राहवलं नाही.

पूर्वी मंडळाची माणसं शेडमध्ये यायची. बैठक कशी, सोंड कुठे वळवायची, मागचा हात कुठवर न्यायचा यावर तासभर बोलणं व्हायचं. बाबा ओल्या शाडूचा गोळा घेऊन तिथल्या तिथे अंगठ्याने बैठक काढून दाखवायचे. आता व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. ‘ताई, अगदी अशीच पाहिजे.’ फोटो मुंबईच्या नाहीतर पुण्याच्या मूर्तीचा, समोरून काढलेला, वर फिल्टर मारलेला. त्यात पोट पुढे किती आलंय ते कळत नाही, खांदा मागे कसा उतरतो ते कळत नाही, पाठीचा तर पत्ताच नसतो. मग ज्याला घाई आहे तो पाठ सपाट थापतो आणि वर एक रंगाचा हात फिरवतो. मागे पडदा येणार, कोण बघतंय?

पण मिरवणुकीत बघा. मूर्ती ट्रॉलीवर असते आणि सगळं मंडळ मागून चालत असतं. रात्रभर माणसाला दिसते ती पाठ. बाबा जानवं पुढे छातीवर काढायचे आणि पाठीवरून फिरवून परत खांद्यावर आणून जोडायचे. शेला मागे कुठे खोचलाय तेही दाखवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, देवाला पाठ नाही होय?

आणखी एक. डोळे हल्ली मोठे आखायला सांगतात, कारण लांबून मोबाइलमध्ये उठून दिसले पाहिजेत. समोर हात जोडून उभं राहिलं की ते डोळे आपल्याकडे न बघता आपल्या डोक्यावरून जातात. आखणी करताना मला हे फार टोचतं. मूर्तीची नजर कुठे पडावी हे पाटाच्या उंचीवर आणि बघणारा किती अंतरावर बसणार त्यावर ठरायचं. आता ते कॅमेऱ्यावर ठरतं.

---

वेणूताई

गंगावेस_मूर्ती, अगं किती नेमकं लिहिलंस. शिल्पकलेच्या वर्गात मुलांना महिनाभर सांगून जे पटत नाही ते तू पाठीवरच्या जानव्यात सांगितलंस. तुझं लिहिणं या धाग्यात सगळ्यात वर ठेवावं अशी विनंती.

---

शिरोळचा_वारा

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराबद्दल लिहितो, कारण तिथे फोटोची गंमत रोज बघतो.

कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधे छत नाही, गोल मोकळं आभाळ आहे, आणि मंडप ४८ खांबांवर उभा आहे. येणारा प्रत्येक जण मधल्या गोल शिळेवर जातो, फोन आडवा धरून वर करतो, वर्तुळ आणि आभाळ टिपतो. तो फोटो नेटवर हजारांनी सापडेल आणि सगळे सारखे. पण त्या मंडपात उजेड चालतो. सकाळी तो गोल एका बाजूच्या खांबांवर असतो, हळूहळू उतरून फरशीवर येतो, मग पलीकडच्या खांबांवर चढतो. चौकोनी, अष्टकोनी, गोल असे एकाच खांबाचे वेगवेगळे थर आहेत आणि उजेड प्रत्येक थरावर वेगळा तुटतो. गोल भागावर तो घसरतो, कोनावर कापल्यासारखा थांबतो. ज्याने हे घडवलं त्याने दगडाइतकाच सूर्यही हिशेबात धरला होता असं मला ठामपणे वाटतं. हे बघायला नुसतं बसून राहावं लागतं. जेवणाचा डबा घेऊन जावं आणि दुपारपर्यंत थांबावं.

बाराव्या शतकातलं हे मंदिर आहे, पण आजच्या मांडणशिल्पवाल्यांनी शिकावं असं त्यात पुष्कळ आहे.

---

कुंभारवाट

शिरोळचा_वारा, अगदी हेच. आणि तसाच हिशेब आपल्या अंबाबाईच्या किरणोत्सवात आहे. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. मधे एखादी इमारत, एखादी टाकी आली की किरण अडतं. म्हणजे गाभाऱ्यातल्या मूर्तीपासून क्षितिजापर्यंतची सगळी जागा त्या रचनेचा भाग आहे. आता बरेच जण तो स्थानिक चॅनेलवर थेट बघतात आणि ते चांगलंच आहे, वयस्कर माणसांना गर्दीत जाता येत नाही. पण पडद्यावर फक्त मूर्तीवरचा उजेड दिसतो. त्याने कापलेलं अंतर दिसत नाही.

---

पेठेतला

मग सरळ फोन बाहेर ठेवायला लावा. प्रदर्शनाच्या दारात टोपली ठेवायची. विषय संपला.

---

कुंभारवाट

पेठेतला, बंदीने काम होतं का याबद्दल मला शंका आहे. दोन्ही टोकांची उदाहरणं आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या माळावर वॉल्टर डी मारिया यांनी १९७७ साली स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब उभे केले, एक मैल बाय एक किलोमीटरच्या चौकटीत. तिथे फोटोला मनाई आहे आणि बघणाऱ्याने रात्रभर मुक्काम करायचा असतो. दुसरीकडे जपानी कलाकार यायोई कुसामा यांच्या आरशांच्या खोल्या. २०१७ साली वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न म्युझियममध्ये एवढी रांग की आत जेमतेम अर्धा मिनिट मिळायचं. अर्ध्या मिनिटात माणूस फोटोशिवाय दुसरं करणार काय? फोन खिशात ठेवायची इच्छा असली तरी वेळच नाही.

म्हणून मला वाटतं, प्रश्न फोनचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे. दारांच्या त्या खोलीत दिवे सगळे प्रवेशाच्या बाजूने होते. त्यामुळे उंबऱ्यावरूनच सगळं पूर्ण दिसायचं आणि आत जायची गरज वाटायची नाही. उजेड पलीकडून असता, पहिलंच दार वाट अडवून टांगलेलं असतं, तर माणूस वळून आत शिरलाच असता. हे मी तिला समक्ष सांगितलंय. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की खोली दोनच दिवस आधी मिळाली, दिवे होते तसेच वापरावे लागले. आपल्याकडे चित्रं टांगायच्या भिंती आहेत, पण चालत बघायच्या कामाला जागा, उंची आणि तयारीला वेळ कुणी देत नाही. खरी अडचण ही आहे.

---

रोखठोक

हे पटलं. जागेचं म्हणाल तर उद्यमनगरात बंद पडलेले शेड आहेत की. क्रेनच्या गर्डरवर पाहिजे ते टांगा.

---

ओतकाम

हायत. आमच्या मालकाचंच एक शेड पडून हाय, वर गर्डर पक्का हाय. मी इचारून बघतो. साखळी, हुक, डी-शॅकल समदं देतो. पर टांगायचं काम आमच्या माणसांकडनंच करून घ्या. माणसं खालनं चालणार हायत, तिथं सुतळीचं काम चालायचं न्हाई.

---

वेणूताई

माझ्याकडून या धाग्यात शीला गौडांचं नाव घ्यायचंच राहिलं होतं. बेंगळुरूच्या कलाकार. २००९च्या ‘बिहोल्ड’मध्ये त्यांनी गाड्यांचे चकचकीत बंपर केसांच्या दोरखंडांवर टांगले. दोरखंडांची लांबी जवळजवळ चार किलोमीटर. आपल्याकडे नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात तशी तिकडे ड्रायव्हर मंडळी नजर लागू नये म्हणून केसांची दोरी बांधतात, तिथून ते आलं. वापरातली वस्तू, वापरातली श्रद्धा, आणि टांगलेलं वजन. उद्यमनगरच्या शेडमध्ये आपल्या मुलामुलींकडून असं काम होऊ शकतं, कारण साहित्यही तिथलं आणि कसबी हातही तिथले. शेड मिळालं तर मुलांना बोलवायची जबाबदारी माझी.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

मी फोटो काढणार, आधीच सांगतो. पण आतून काढीन आणि खाली लिहीन की रेघ किती उंचीवर आहे. आईला शेजारी उभी करतो म्हणजे माप कळेल.

---

गंगावेस_मूर्ती

शेडचं बघा तोवर मी माझ्या बाजूने एक करते. आमच्याकडून मूर्ती नेणाऱ्या एका मंडळाची वर्गणीची बैठक लवकरच आहे. दरवर्षी त्यांचा निम्मा खर्च एलईडी भिंतीवर जातो. या वेळी मी त्यांना सांगणार आहे की मूर्ती मांडवाच्या मधोमध बसवा, मागे पडदा नको, चारी बाजूंनी प्रदक्षिणेला वाट ठेवा. पाठ मी पूर्ण घडवून देईन, जास्तीचे पैसे घेणार नाही. मांडवाच्या आखणीसाठी त्यांना कुणीतरी शिकलेलं माणूस लागेल. वेणूताई, त्या दारांवालीला विचाराल का? आषाढ संपायच्या आत कळलं पाहिजे, नाहीतर मांडववाले आगाऊ रक्कम घेऊन मोकळे होतात.

---

वेणूताई

आजच विचारते. मांडवाची लांबी-रुंदी आणि मूर्तीची उंची मला निरोपातून पाठव. प्रदक्षिणेची वाट किती रुंद ठेवायची ते आधी ठरवू, दोन माणसं एकमेकांना ओलांडून गेली पाहिजेत आणि एखादं म्हातारं माणूस मागच्या बाजूला थांबलं तरी रांग अडता कामा नये.